पिपाणीची मतं

आमच्या आत्यानं आयुष्यात कधी माणसाला मत दिलेलं नाही. तिनं बैलजोडीला दिलं, गाय-वासराला दिलं, पंजाला दिलं, पुढे घड्याळाला दिलं. उमेदवाराचं नाव विचारलं की म्हणते, "नाव कशाला पाहिजे? त्याला काय जावई करायचाय?"

तिचं वागणं लोकशाहीला धरूनच आहे. १९५१च्या जनगणनेत शंभरातल्या जेमतेम अठरा जणांना लिहितावाचता येत होतं आणि त्याच सुमारास पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची तयारी चालली होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी उमेदवारागणिक वेगळी पेटी ठेवली आणि पेटीवर चित्र लावलं. अक्षर ओळखत नसला तरी बैल कोण ओळखत नाही? उरलेल्या ब्याऐंशी जणांची अशी सोय झाली. त्यांनी ती इतकी मनावर घेतली की उमेदवार हे निशाणीचं तात्पुरतं वाहन आहे, हा आत्याचा सिद्धांत पक्षश्रेष्ठींनाही पुढे मान्य झाला.

मधल्या काळात निशाण्यांत पशुपक्ष्यांची चंगळ होती. पण उमेदवार प्रचारात ते खरेखुरे आणून मिरवू लागले, त्या मुक्या जिवांचे हाल झाले, प्राणिमित्रांनी तक्रार केली आणि आयोगानं नवे प्राणी देणं बंद केलं. आधीपासूनचे हत्ती-सिंह तेवढे राहिले. गोव्यात मगोपचा सिंह अजून आहे. २०१२ साली उत्तर प्रदेशात आयोगानं हत्तींचे सरकारी पुतळे झाकायला लावले. झाकल्यावर ते आणखीच हत्ती दिसू लागले.

प्राणी गेले आणि स्वयंपाकघर आलं. अपक्षांसाठीची यादी एकदा सवड काढून वाचाच. फ्लॉवर, भेंडी, ढोबळी मिरची, प्रेशर कुकर, फणस, टूथपेस्ट, नेलकटर. उमेदवारानं अर्जात तीन पसंत्या द्यायच्या. म्हणजे कुणीतरी रात्र जागून, कार्यकर्त्यांशी खल करून ठरवत असणार, की पहिली पसंती भेंडी, ती नाही मिळाली तर नेलकटर. फणस मागणारा मला प्रामाणिक वाटतो. निवडून आल्यावर चिकटून राहणार, हे तो आधीच सांगून टाकतो. सीसीटीव्ही कॅमेरा मागणाऱ्याच्या धाडसाला मात्र तोड नाही.

ग्रामपंचायतीत तर पक्षांच्या निशाण्या नसतातच, सगळा संसारच रिंगणात उतरतो. एका वर्षी आमच्या भावकीतलं पॅनेल उभं होतं आणि विरोधी पॅनेलला कपबशी मिळाली. निकाल लागेपर्यंत आमच्या घरी चहा स्टीलच्या पेल्यात. पाहुण्यांची बोटं भाजली, पण निष्ठा राहिली. समोरच्या आळीत सकाळ-संध्याकाळ मुद्दाम अंगणात बसून, फुर्रर्र आवाज काढून बशीनं चहा पीत. आचारसंहितेत फुर्रर्रबद्दल कलम नाही.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग २०२२ आलं. आमदारांची पळवापळवी झाली, आणि आमदारापेक्षा निशाणी मोलाची आहे हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. आमदार काय, पुन्हा मिळतात. धनुष्यबाण गोठवला गेला. एकाला मशाल मिळाली, दुसऱ्याला ढाल-तलवार. २०२३च्या फेब्रुवारीत धनुष्यबाण ढाल-तलवारवाल्यांना मिळाला. पुढच्या फेब्रुवारीत घड्याळ पुतण्याकडे गेलं आणि काकांच्या वाट्याला तुतारी वाजवणारा माणूस आला. शिवाय घड्याळ वापरताना 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' असं जाहिरातीत छापायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं बजावलं. दहा वाजून दहा मिनिटांनी थांबलेलं घड्याळ आणि खाली बारीक अक्षरात, की ही वेळ अजून ठरायची आहे!

आत्या या साऱ्याकडे शांतपणे बघत होती. साताऱ्याच्या बाजूला तिचं मत. २०२४च्या लोकसभेला तिला यंत्रावर दोन वाजंत्र्या दिसल्या. एक तुतारीवाल्या माणसाची आणि दुसरी एका अपक्षाची, नुसतीच, वाजवणाऱ्याविना. लोक तिला पिपाणी म्हणत, सरकारी मराठी यादी तिलाही तुतारीच म्हणत होती. बटणाशेजारी हल्ली उमेदवाराचा फोटोही असतो. पण तो बघून उमेदवाराची आईसुद्धा क्षणभर थांबेल.

निकाल लागला. तुतारीवाले बत्तीस हजारांहून थोड्या जास्त मतांनी पडले आणि पिपाणीला सदतीस हजार मतं पडली. दिंडोरीत तर पिपाणीनं लाखाच्या वर मजल मारली. तिथे आडनावही सारखंच होतं, पण तुतारीवाले एवढं सोसूनही निवडून आले. पराभवाचं खापर फोडायला आपल्याकडे आजवर पाऊस होता, पैसा होता, यंत्र होतं. वाद्य पहिल्यांदाच मिळालं.

मी धसकून आत्याला विचारलं, "तू कुठलं बटण दाबलंस?"

"तुतारीचं."

"अगं, दोन होत्या."

"माणूस होता ती," आत्या म्हणाली. "नुसती पिपाणी कशी वाजंल? फुंकायला कुणी नको व्हय?"

म्हणजे बैलजोडीपासून वस्तूंना मत देत आलेल्या आमच्या आत्यानं ऐंशीच्या उंबरठ्यावर माणूस बघून बटण दाबलं होतं.

शेजारी तिचा नातू बसला होता. एम.कॉम., स्पर्धा परीक्षेची तयारी, रोज दोन पेपर कोळून पितो. तो काही बोलेना. आत्यानंच त्याला कोपरानं ढोसलं, तेव्हा म्हणाला, "मी आदल्या दिवशी पेपरात यादी नीट वाचून गेलो होतो, दादा. त्या अपक्षाच्या नावापुढे स्वच्छ छापलं होतं, तुतारी."