पोरका ओरखडा

आमच्या गावात गाड्या जन्माला येतात. एकेकाळी टेल्को म्हटलं की पिंपरी आणि स्कूटर म्हटलं की आकुर्डी. मग पसारा चाकणला सरकला, 2009 च्या सुमारास जर्मन मंडळींनीही तिथं बस्तान बसवलं. इथल्या पोराला बाराखडीच्या आधी फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट कळते. चाकणच्या तळेगाव चौकात तासभर अडकलेल्या ट्रकमधला एखादा बोल्ट उचला आणि कंपनीत नेऊन विचारा. तो कुठल्या बॅचचा, कुठल्या मशिनवर बनला, कोणी तपासला, सगळी कुंडली निघते.

अशा या शहरात माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या दारावर वीतभर ओरखडा कोणी काढला, हे मात्र कोणालाच ठाऊक नाही.

सकाळी साडेनऊला गाडी सर्व्हिसिंगला दिली, संध्याकाळी सहाला मिळाली. (सेंटरचं नाव सांगत नाही. तुमचंही तेच असेल.) गाडी स्वच्छ धुतलेली होती, त्यामुळे ओरखडा फार छान दिसत होता. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर पोरगा गोड होता. म्हणाला, "सर, हा आधीचाच आहे. धूळ होती म्हणून दिसत नव्हता." म्हणजे ओरखडा पाडल्याचा आरोप तर नाहीच, उलट तो शोधून दिल्याबद्दल मीच आभार मानायचे!

मी म्हटलं, जॉब कार्ड काढा. जॉब कार्डावर गाडीचं वरून काढलेलं चित्र असतं, उताणं पडलेल्या झुरळासारखं. गाडी घेताना जिथं जिथं ओरखडा किंवा डेंट असेल तिथं गोल करायचा असतो. माझ्या कार्डावर एकच गोल होता. अख्ख्या गाडीभोवती. सकाळी रांग लांब होती, पाऊस होता, पोरानं एका दमात माझी सगळी गाडीच जुनं नुकसान म्हणून नोंदवून टाकली होती. खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलं होतं की वाहनाच्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही. त्याच्याही खाली माझी सही. झोकदार.

एकट्याचं काम नव्हे म्हणून दुसऱ्या दिवशी शेजारच्या क्यूसीकाकांना घेऊन गेलो. काकांचं आयुष्य चाकणच्या कारखान्यात क्वालिटीत गेलं. घरात दूध उतू गेलं तरी ते काकूंना पाच वेळा 'का' विचारतात. ही व्हाय-व्हायची जपानी पद्धत. पाच 'का' उतरलात की तळाशी मूळ कारण सापडतं, असं शास्त्र सांगतं.

काकांनी सुरुवात केली. ओरखडा का पडला? अ‍ॅडव्हायझरनं वॉशिंगकडे बोट दाखवलं. ते आउटसोर्स आहे. वॉशिंगवाला म्हणाला, "काका, आपल्याकडं आली तवाच होता. फ्लोअरवरून कोण आणतंय ते बघा." गाडी आणणारा ड्रायव्हर म्हणाला, मी फक्त हलवतो, दोन गाड्यांच्या मधे लावायची जागा ठरवतो सुपरवायझर. सुपरवायझर म्हणाला, कॅमेरा बघू. कॅमेरा होता, पण त्याचं तोंड गेटकडे. "चोरीसाठी आहे सर तो." आतल्या माणसांनी आत काय केलं, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. शेवटी मॅनेजर बाहेर आले. शांत माणूस. त्यांनीच उलटा प्रश्न टाकला, "सर, गाडी तुम्ही रस्त्यावरूनच आणलीत ना?"

पाच 'का' संपले. मूळ कारण: मी गाडी घेतली.

आता कायदा काय म्हणतो? आपण गाडीची चावी दुसऱ्याच्या हाती देतो, त्याला कायद्याच्या मराठीत निक्षेप म्हणतात. 1872 चा करार कायदा सांगतो की वस्तू घेणाऱ्यानं तिची तितकी काळजी घ्यावी, जितकी सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. तेव्हा बेंझसाहेबांच्या मोटारीच्या पेटंटला अजून 14 वर्षं होती, पण कायदा करणाऱ्यांना बहुधा आमचं निगडी-प्राधिकरण दिसत असावं. इथला सर्वसाधारण शहाणा माणूस नव्या गाडीच्या सीटचं प्लास्टिक वर्षभर काढत नाही.

आणि त्या मुंगीच्या अक्षरांचं काय? 1998 साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्यानं मारुती झेन पार्किंगला दिली, आणि बाहेर आला तर गाडी दुसराच कोणी घेऊन गेलेला. हॉटेलनं कूपन दाखवलं: जोखीम मालकाची. सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. गाडी तुमच्या ताब्यात दिली होती ना, मग तुमचा निष्काळजीपणा नव्हता हे आधी तुम्ही दाखवा, नुसत्या छापील ओळीआड लपू नका, असा त्याचा मथितार्थ. निकाल आला नोव्हेंबर 2019 मध्ये. 21 वर्षं. तोवर झेनचं उत्पादनही बंद पडलं होतं.

ग्राहक आयोग आहे, नाही असं नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी सुरू केली ती आपल्या पुण्यातच. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि माझ्याएवढ्या बिलाला फी पण लागत नाही. पण वीतभर ओरखड्यासाठी तारखांना रजा टाकायच्या म्हटल्या की माणूस दाराकडे बघतो, कॅलेंडरकडे बघतो आणि म्हणतो, एवढं काही दिसत नाही.

हे मॅनेजरना पाठ असतं. ते म्हणाले, "चूक आमची नाही, पण गुडविल म्हणून रबिंग-पॉलिश फ्री करून देतो." काकांनी ओरखड्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. "पॉलिशनं जाणार नाही, पेंट लागेल," काका म्हणाले. मॅनेजरचा चेहरा उजळला. "मग क्लेम टाकू की सर!" क्लेम म्हणजे माझ्या विम्यावर. फाइल चार्ज हजार रुपये मी भरायचा, आणि पाच वर्षं एकही क्लेम न करता जमवलेला 50 टक्के नो-क्लेम बोनस पुढच्या वर्षी शून्यावर आणायचा. ओरखडा पोरका, पण त्याच्या बारशाचा खर्च माझा.

खरं सांगायचं तर दुसरी बाजूही आहे. आमच्याच सोसायटीत एकानं कॉलमला घासलेला बंपर सर्व्हिसिंगवाल्यांच्या माथी मारून नवा करून घेतला आणि पेढे वाटले. घरी आल्यावर बायको हळूच म्हणाली, "तो आपल्या गेटचा तर नसेल?" मी ऐकलं नाही. काका मात्र आता सर्व्हिसिंगला गाडी देताना तिचा लग्नासारखा व्हिडिओ काढतात, चारी बाजूंनी, वर-खाली. फक्त सनई नसते.

शेवटी रबिंग-पॉलिशवर तोडगा निघाला. गेट पास घेताना अ‍ॅडव्हायझर माझ्यामागे धावत आला. आवाज खाली आणून म्हणाला, "सर, उद्या कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा द्या ना प्लीज."

काका म्हणाले, "आणि नऊ दिले तर?"

"नको काका. नऊ दिले की माझ्याकडून लेखी मागतात," पोरगा म्हणाला, "का म्हणून."