लाल रेघेची गोळी

"वहिनी, टाकळा खुडलाय, देऊ का वाटाभर? आणि खोकतंय कोण? भाऊजी?"

"नाही गं, बाळू. लावणीत भिजला. स्टेशनाजवळच्या मेडिकलातून चार गोळ्या आणल्या. तीन घेतल्या नि ताप पळाला. एक डब्यात ठेवलीय."

"कसल्या गोळ्या?"

"नाव कुणाला ठाऊक? कात्रीनं कापून दिल्या. पण मागं लाल रेघ होती. लाल रेघेची गोळी पावरफुल, असं काउंटरवरचा पोरगाच म्हणाला."

"अहो, डॉक्टरच्या चिठ्ठीबिगर घ्यायची नाही, याची खूण ती! माझी पुतणी डी.फार्मला आहे ना, ती सांगते. मार्च 2014 पासून भारी अँटिबायोटिकांची वेगळी यादीच आहे, एच-वन. विकली की वहीत लिहायचं, डॉक्टर कोण, पेशंट कोण, किती दिल्या. वही तीन वर्षं जपायची."

"आमच्या बाळूचं नाव कुठल्या वहीत गं? बिलसुद्धा नाही दिलं."

"बोर्डावर फार्मासिस्टचं नाव एक, काउंटरवर पोरगं दुसरंच, मग लिहील कोण? पण त्यानं नाही म्हटलं असतं तर तुम्ही पलीकडच्या दुकानात गेला असता."

"गेलेच असते! शहापूरला डॉक्टरकडं जायचं म्हणजे आधी आसनगाव, मग रिक्षा. लावणीतली मजुरी कोण देईल?"

"ते खरंच. सरकारी दवाखान्यात 2023 पासून केसपेपरही फुकट झाला, पण बुडालेला दिवस थोडाच फुकट असतो! तरी पावसाळी सर्दीताप बहुतेक विषाणूचा. ही गोळी त्याला लागूच पडत नाही. ताप दोन-तीन दिवसांत आपला आपण उतरतो नि नाव गोळीचं होतं."

"मग पैसे पाण्यात."

"तेवढ्यावर भागलं तर बरं. पोटातले साधे जंतू मरतात, चिवट उरतात, मग त्यांचीच पैदास. उद्या खरा न्यूमोनिया झाला की गोळी ढिम्म! माहीमच्या हिंदुजात 2012 च्या सुमाराला असे टीबीचे पेशंट निघाले, की तपासलेलं एकही औषध त्यांना लागू पडेना."

"अगं बाई! मी तर उरलेली कोंबडीला चारणार होते. मान टाकून बसलीय."

"कोंबडीला? पोल्ट्रीवाल्यांचं कोलिस्टिनसुद्धा 2019 साली सरकारनं बंद केलं. बाकी सगळं हरलं की माणसाला द्यायचं औषध ते, आणि हे वजन वाढायला कोंबड्यांना चारत होते."

"बरं, नाही देत कोंबडीला. ह्यांची दाढ ठणकतेय सकाळपासून, त्यांना देऊ?"

"वहिनी, ती गोळी आधी इकडं द्या!"