बसा, सर येऊनच राहिले

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांचे वेटिंग हॉल आता ओळखू येत नाहीत. लाकडी बाक गेले, सोफे आले. कूलर गेला, एसी आला. भिंतीवर टीव्ही, कोपऱ्यात माशांची टाकी, आणि ‘शांतता राखा’च्या पाटीखाली तीन मोबाइलवर तीन रील. पाण्याचा ग्लास मात्र अजून साखळीनेच बांधलेला. पेशंट किडनी सोडून जाईल, पण ग्लास नेईल, अशी भीती असावी. एवढं सगळं झालं, तरी साहेब कधी येणार हे काही कळत नाही.

नंबर लावण्याची रीत बघा. सकाळी आठला फोन सुरू होतो. आठ-दहाला लागला तर आपला नंबर चोविसावा. “अकरा वाजता या.” तेविसाव्याला अकरा, पंचविसाव्यालाही अकराच. अकराला पोचलात की काउंटरवरच्या ताई म्हणतात, “बसा, सर येऊनच राहिले.” सर राउंडला असतात, ओटीत असतात, नाहीतर घरून निघायचे असतात. ताईंनाही माहीत नसतं, पण शिव्या त्याच खातात. साडेबाराला सर येतात. आधी औषध कंपन्यांचे बॅगावाले एमआर आत, मग ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय’वाले, मग कोणाचा तरी फोन आलेले. लाल आकड्यांच्या डिस्प्लेवर नऊ नंबर. अर्ध्या तासानेही नऊच.

सगळ्यांना एकच वेळ देण्यामागे हिशेब आहे, गबाळेपणा नव्हे. साहेबांचं एक मिनिट रिकामं जाऊ नये म्हणून बाहेर माणसांचा साठा करून ठेवायचा. ब्रिटनमध्ये वेल्श आणि बेली या दोघांनी 1952 साली ‘लॅन्सेट’मध्ये नेमका हाच हिशेब तपासला होता. उपाय साधा निघाला: सुरुवातीला दोघांना बोलवा, पुढे एका पेशंटला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने एकेकाला, आणि डॉक्टर वेळेवर या. सत्तर वर्षं उलटून गेली. पहिल्या दोन गोष्टी सॉफ्टवेअरने जमतील. तिसरीचं ॲप अजून कोणी काढलेलं नाही.

डेव्हिड मायस्टर नावाच्या गृहस्थांनी 1985 साली वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर लेख लिहिला. किती थांबायचं हे माहीत नसलं, का थांबायचं हे कोणी सांगितलं नाही, किंवा मागचा पुढे घुसला, की तोच वेळ जास्त लांब वाटतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे हे तिन्ही एकाच हॉलमध्ये, तेही फुकट. कन्सल्टिंग फी वेगळी.

ह्यूस्टनच्या विमानतळाचा किस्सा सांगतात. सामान उशिरा येतं म्हणून प्रवासी ओरडत. तिथल्या लोकांनी सामानाचा पट्टाच लांब नेला. लोकांचा वेळ चालण्यात जाऊ लागला आणि तक्रारी थांबल्या. धंतोलीत हा प्रयोग आम्ही कधीचा केलाय. गाडी लावायला जागा शोधत काँग्रेसनगरात जायचं, तिथून मे महिन्याच्या उन्हात आजीला धरून चालत यायचं. तक्रार करायला अंगात जीव उरला पाहिजे ना बाप्पा!

नागपूरकराचं एक वेळ ठीक. तो “अर्ध्या तासात येतो” म्हणून घरी जाऊन जेवून येईल. पण त्या हॉलमध्ये निम्मे लोक गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याचे असतात. अकराची वेळ गाठायला ते पहाटे अंधारात निघालेले. त्यांची नजर टीव्हीवर नसते, परतीच्या एसटीवर असते. तपासणी दुपारी तीनला, रक्त दुसऱ्या लॅबमध्ये, रिपोर्ट संध्याकाळी. मग मुक्काम. मुक्कामाचा खर्च कोणत्याच बिलात दिसत नाही.

इमर्जन्सी येते, ऑपरेशन लांबतं, हे सगळ्यांना कळतं. “सरांना दीड तास लागेल, जेवून या” एवढं कोणी सांगितलं तर कोणी भांडत नाही. त्याला एक फळा पुरतो: सर कधी आले, कितवा नंबर सुरू आहे, किती उशीर आहे.

तेव्हा डॉक्टरसाहेब, हॉलची पुढची सजावट कराल तेव्हा मासे राहू द्या, फक्त शेजारी तो फळा लावा. आणि तुम्ही साडेबाराला येणार असाल, तर गडचिरोलीच्या माणसाला अकराला बोलावू नका.