दोन प्रॉस्पेक्टस, एक सातबारा

एमबीएसाठी दोन संस्थांमधून एकीची निवड करणे हे भंडारा जिल्ह्यातील खरीप हंगामाचे एक जोडकाम आहे. बांधीत पऱ्हे टाकले की घरात प्रॉस्पेक्टस येऊन पडतात आणि रोवणी आटोपेपर्यंत निर्णय झालेला असतो. दोन्ही कामांत आधी चिखलणी होते.

या निवडीला बसणारा उमेदवार साधारणपणे बी.ई., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेला असतो. पदवीनंतर काय, या प्रश्नाचे घरात कोणालाच उत्तर सुचले नाही, म्हणजे जे उत्तर दिले जाते त्याला एमबीए म्हणतात. तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि खुद्द भंडारा या सातही तालुक्यांत हे उत्तर एकाच सुरात दिले जाते, त्यामुळे ते बरोबर असावे असा समज आहे.

निवडीसाठी उरलेल्या दोन संस्थांपैकी एक नागपुरात असते, दुसरी पुण्यात. नागपूरची संस्था विद्यापीठाशी संलग्न असून तिथला प्रवेश राज्याच्या सीईटीतून आणि केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्यांतून होतो. पुण्याची संस्था अभिमत विद्यापीठात मोडते. तिची परीक्षा वेगळी, मुलाखत वेगळी आणि शुल्कही वेगळ्याच जातकुळीचे. तिसरा एक पर्याय सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो यादीत धरत नाहीत. आयआयएम नागपूर २०१५ साली सुरू झाली आणि २०२२ मध्ये मिहानमधल्या स्वतःच्या परिसराचे उद्घाटन राष्ट्रपतींच्या हस्ते झाले. भंडाऱ्याहून तिथे महामार्गाने दीड-दोन तासांत पोचता येते. कॅटच्या मार्गाने गेल्यास किती वर्षे लागतील ते पर्सेंटाइलवर अवलंबून असते. मात्र या संस्थेचा उपयोग इतरांनाही होतो. ‘पोरगा नागपूरले एमबीए करून राह्यला’ असे म्हटले की ऐकणारा आपल्या मनाने आयआयएम समजतो आणि घरचे लोक त्याची समजूत मोडण्याची घाई करत नाहीत.

निवडीचे पहिले साधन प्रॉस्पेक्टस होय. त्यात काचेची इमारत, हिरवळ आणि एकाच लॅपटॉपकडे पाहून हसणारे चार विद्यार्थी असतात. लॅपटॉपवर काय आहे ते छायाचित्रात कधी दिसत नाही. अध्यक्षांचा संदेश पहिल्या पानावर, संचालकांचा दुसऱ्या पानावर आणि शुल्काचा तक्ता प्रॉस्पेक्टसच्या बाहेर, वेगळ्या सुट्या कागदावर असतो. शिकवणाऱ्यांची नावे शेवटी येतात. त्यांतली बरीच ‘अतिथी’ या सदरात मोडतात, आणि अतिथी जसे येतात तसे ते येतात.

प्रॉस्पेक्टसचा गाभा म्हणजे प्लेसमेंटचे पान. ते वाचण्यासाठी थोडे गणित लागते. ते एमबीएच्या पहिल्या सत्रात शिकवतात, म्हणजे शुल्क भरून झाल्यावर. समजा एका तुकडीत दहा जण आहेत. नऊ जणांना वर्षाला ४ लाखांची नोकरी लागली आणि दहाव्याला, त्याच्या आधीच्या अनुभवामुळे किंवा मामाच्या कंपनीमुळे, ४४ लाखांची लागली. सरासरी पॅकेज ८ लाख रुपये येते. हा आकडा पूर्णपणे खरा असून तो तुकडीतल्या एकालाही मिळालेला नसतो. मधल्या विद्यार्थ्याचा पगार, ज्याला मध्यक म्हणतात, तो ४ लाख भरतो. केंद्र सरकारची एनआयआरएफ ही क्रमवारी संस्थांकडून पगाराचा मध्यकच मागते. होर्डिंगवर मात्र तो आजवर चढलेला नाही. भंडाऱ्याच्या त्रिमूर्ती चौकात थांबणाऱ्या माणसाला ४४ लाख आणि टाय घातलेला दहावा मुलगा एवढेच दिसते.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ ही संज्ञाही अशीच सांभाळून वाचावी लागते. शंभर टक्के कशाचे, तर ‘पात्र आणि इच्छुक’ विद्यार्थ्यांचे. ज्याला नोकरी मिळाली नाही तो इच्छुक नव्हता असे नंतर ठरवता येते. काही संस्था त्याची नोंद ‘स्वतःचा व्यवसाय’ या रकान्यात करतात. असे कित्येक उद्योजक आपापल्या गावी बापाच्या बांधीवर आढळतात. पॅकेजचेही पोट फाडून पाहिले तर त्यात कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी, पाच वर्षे टिकल्यास मिळणारी ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर ठरणारी रक्कम सापडते. साडेसहा लाखांच्या पॅकेजमधून महिन्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास हाती पडले तर हिशेब जमला म्हणायचा.

जाहिरात किती दूर जाऊ शकते याचे उदाहरण देशाने पाहिले आहे. आयआयपीएम या संस्थेने वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांची पूर्ण पाने घेऊन आयआयएमच्या पलीकडचा विचार करण्याचे आवाहन केले. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला आपल्या अभ्यासक्रमांसाठी एमबीए, बीबीए, बिझनेस स्कूल असे शब्द वापरण्यास मनाई केली आणि पुढच्या वर्षी संस्थेचा गाशा गुंडाळला गेला. ज्या वर्तमानपत्रांत त्या जाहिराती छापून आल्या, त्यांतच ही बातमीही छापून आली. बातमीला अर्थात पूर्ण पान मिळाले नाही.

पदवी की पदविका, हा पेच त्यानंतरचा. भारतात पदवी विद्यापीठ किंवा संसदेच्या कायद्याने तसा अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते. म्हणून विद्यापीठाशी संलग्न नसलेल्या संस्था पीजीडीएम, म्हणजे पदव्युत्तर पदविका देतात. खुद्द आयआयएमसुद्धा त्यांच्यासाठीचा असा कायदा २०१८ च्या जानेवारीअखेर लागू होईपर्यंत पदविकाच देत होत्या, आणि त्या पदविकेवर लोक बँकांचे व कंपन्यांचे प्रमुख झाले. ही माहिती घरातल्या आजोबांना पटवून देणे अवघड जाते. ‘डिप्लोमाच कराचा होता तं आयटीआय काय वाईट होती बाप्पा?’ हा त्यांचा प्रश्न आजवर कोणत्याही प्रवेश समुपदेशकाला सोडवता आलेला नाही. वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा वाहन कारखाना आणि जवाहरनगरची आयुध निर्माणी डोळ्यांसमोर असताना आजोबांच्या बाजूने बोलायला पुष्कळ जागा आहे.

खरा निर्णय पैशाच्या टप्प्यावर होतो आणि तो समजण्यासाठी धानाचे परिमाण सोयीचे पडते. दोन वर्षांचे शिक्षण, वसतिगृह आणि लॅपटॉप मिळून १५ लाखांचा खर्च धरू. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण प्रतीच्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे पुण्याचा एमबीए साधारण ६३३ क्विंटलांचा होतो. एकरी १६ क्विंटल पिकले असे उदार मनाने धरले तर ही ४० एकरांची एका हंगामाची रास झाली, आणि तीही बी, खत, तुडतुडा आणि मजुरी यांतले काहीही वजा न करता. ज्याच्या सातबाऱ्यावर तीन एकर आहेत त्याने तेरा वर्षे काहीच न खाता धान विकला तर मुलाचे शुल्क फिटते. तोवर मुलगा चाळिशीकडे झुकलेला असेल आणि एक्झिक्युटिव्ह एमबीएच्या जाहिराती वाचत असेल.

म्हणून कर्ज. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागत नाही, त्यापुढे मागते. बाप सातबारा घेऊन शाखेत जातो. व्यवस्थापक तो आदराने पाहतो, चहा मागवतो आणि विचारतो, ‘काकाजी, भंडाऱ्यात किंवा नागपुरात एखादा एनए प्लॉट नाही का जी?’ २००२ च्या सरफेसी कायद्याने शेतजमिनीला हात लावायची सोय बँकेला ठेवलेली नाही. कर्ज थकले तर कोर्टाची पायरी न चढता जप्त करता येईल असेच तारण बँकेला आवडते. ज्या जमिनीने जिल्ह्याला तांदळाचे कोठार हे नाव दिले, ती जमीन तारणाच्या रकान्यात शून्य ठरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात क्रमवारीतल्या निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळते, पण आपली संस्था त्या यादीत आहे का, हे पाहण्याआधी वसतिगृहाची आगाऊ रक्कम भरून झालेली असते.

१५ लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता १९,८०० रुपयांच्या आसपास बसतो. शिक्षणाच्या काळात साचलेले व्याज त्याच्यावर. वर्षाचे हप्ते पुन्हा धानात मोजले तर जवळपास शंभर क्विंटल भरतात. हा आकडा इतका गोल आहे की तो एखाद्या समुपदेशकाने घडवला असावा अशी शंका येते, पण त्यांना या हिशेबात रस नसतो.

नागपूरच्या संस्थेचा मार्ग स्वस्त आहे, मात्र तो सेतू केंद्रातून जातो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता आणि अधिवास ही चार कागदपत्रे एकाच वेळी जिवंत असणे ही त्याची अट आहे. ती पूर्ण झाली तर कॅपमधून मिळालेल्या जागेवर शुल्काची सवलत किंवा शिष्यवृत्ती मिळते. २०२४-२५ पासून इतर मागासवर्ग, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या, ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण माफ करते. अभिमत विद्यापीठांना आणि संस्थास्तरावरच्या कोट्याला ही माफी लागू नाही. त्यामुळे उमेदवार मुलगी असेल तर घरातली बैठक पाच मिनिटांत संपते आणि नागपूर ठरते. मुलगा असेल तर ती पंधरा दिवस चालते. ज्या बापाने मुलीच्या वेळी ‘दोन्ही कॉलेज सारखेच’ म्हटलेले असते त्याला मुलाच्या वेळी पुण्याचे ‘एक्स्पोजर’ आठवते.

बैठकीला मोठे काका, नागपूरचे जावई, गावातला एक बँकवाला आणि पुण्यात आयटीत असलेला दूरचा भाऊ (फोनवर) उपस्थित असतात. जावई नागपूरच्या बाजूने बोलतात, पण मुलगा आपल्याकडे राहायला येणार नाही याची आधी खात्री करून घेतात. पुण्याचा भाऊ कोणतीही संस्था चांगली किंवा वाईट म्हणत नाही. तो ‘डिपेंड करतं’ एवढेच म्हणतो. मोठ्या काकांचे मत या सगळ्यांहून वेगळे असते: एमबीए कशाला, तलाठ्याची तयारी कर. या मताला आधार आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते आणि अर्जदारांत एमबीएवालेही होते. काकांचे म्हणणे एवढेच की जायचे तिथेच आहे तर मध्ये दोन वर्षे आणि ६३३ क्विंटल कशाला घालवायचे.

अभ्यासक्रमाची तुलना करण्याची पद्धत नाही. ती केली तर दोन्हीकडे मार्केटिंग, फायनान्स, एचआर आणि ऑपरेशन्स हेच विषय सापडतात. पुरवठा साखळीच्या तासाला दोन्हीकडे मुंबईचे डबेवाले शिकवतात, कारण हार्वर्डने २०१० मध्ये त्यांच्यावर केस लिहिली. भंडाऱ्यातल्या धान खरेदी केंद्रावर मात्र अजून कोणी केस लिहिलेली नाही. तिथे धान आलेला असतो, शेतकरी आलेला असतो, ग्रेडर आलेला असतो आणि बारदाना आलेला नसतो. मग ढिगावर ताडपत्री टाकून मुक्काम पडतो. पुढे तो धान मिलरकडे जातो, मिलरने क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत करायचा असतो आणि गोदामात जागा नसल्याने तोही अडतो. साठा, वाहतूक, रोकड आणि राग या चारही गोष्टींचे व्यवस्थापन एकाच अंगणात पाहण्याची ही सोय उमेदवाराला घरबसल्या, विनाशुल्क उपलब्ध होती. पण प्रॉस्पेक्टसमध्ये इंडस्ट्री व्हिजिट सिंगापूरची आहे.

शेवटी निवड होते ती यांपैकी कशानेच नाही. वर्गमित्र पुण्याला चालला, एवढे कारण पुरते. नाहीतर आईला शनिवारी एसटीने येणारा मुलगा हवा असतो आणि नागपूर जिंकते. पुणे ठरलेच तर गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस वरठीला थांबते, हा मुद्दा आजही क्रमवारीतल्या पन्नास अंकांच्या फरकावर मात करतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, घरी पाहुणे येतात, रात्री दंडार होते. तेव्हा कोणते कॉलेज हे कोणी विचारत नाही, पॅकेज किती एवढेच विचारतात, आणि पहिल्या सत्रातल्या मुलाला त्याचेही उत्तर तयार ठेवावे लागते.

एक संस्था ठरल्यावर दुसरीत भरलेले पैसे परत मिळवणे हा प्रक्रियेचा अखेरचा टप्पा होय. ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केल्यास फार तर १,००० रुपये कापून बाकी शुल्क परत द्यावे आणि मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत, असा एआयसीटीईचा नियम आहे. नियमाची प्रत सोबत नेली, दोन चकरा मारल्या आणि लेखी अर्जावर पोच घेतली तर पैसे सहसा येतात. उमेदवाराचा फोन नंबर मात्र परत मिळत नाही. समुपदेशक त्यावर पुढच्या वर्षीही फोन करतो आणि धाकट्या भावाचे शिक्षण कुठवर आले, याची चौकशी करतो.