कागदी विद्यार्थ्यास पत्र

चि. कागदी विद्यार्थी यास,



तू नेमका कुठल्या इयत्तेत होतास ते कुणालाच कळलं नाही, बहुधा सगळ्याच इयत्तांत. हजेरीपटावर रोज हजर, खिचडी वेळेवर फस्त, आईबाप कधी भांडायला आले नाहीत. असा गुणी मुलगा महाराष्ट्रात पुन्हा झाला नाही. 3 ऑक्टोबर 2011 पासून तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना मतदारांसारखी शाई लागली आणि तुझी पंचाईत झाली. तुला बोटच नव्हतं! 20 लाखांच्या आसपास पोरं एका दमात गायब. तुझ्या जिवावर उभ्या राहिलेल्या तुकड्या आणि अनुदानं उघडी पडली.

आता तुझ्या माघारी काय झालं ते ऐक. तुझ्यासारखे पुन्हा घुसू नयेत म्हणून शाळेला शिक्षक किती ते ठरवणाऱ्या संचमान्यतेला आधार जोडलं. कार्ड वैध, तरच मूल मोजायचं. पुण्यात महापालिकेच्या शाळांत येतात कोण? वाघोली-बालेवाडीच्या बांधकामांवर राबणाऱ्यांची मुलं. कुणी यादगीरचं, कुणी बीडचं, कुणी बिहारचं. शाळेत नाव 'भीमराया', कार्डावर 'भीमराय'. दाखल्यावर जन्म 1 जूनचा (गुरुजींनी घातलेला), कार्डावर 1 जानेवारीचा (यंत्रानं घातलेला). खरी तारीख आईला आठवते, पण ती 'पोळ्याच्या आदल्या दिवशी' अशी. ती रकान्यात बसत नाही. झालं, कार्ड अवैध. पोरगं पहिल्या बाकावर बसून सातचा पाढा म्हणतं. 30 सप्टेंबरच्या पटावर शिक्षक ठरवताना मात्र ते नसतंच.

पट घसरला की शिक्षक अतिरिक्त. म्हणून मे महिन्याच्या उन्हात आम्ही वस्त्यांमधून मुलं मागत फिरतो, आणि शेजारून पिवळी स्कूलबस भरून जाते. 2023 मध्ये शासनानं 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढायचे प्रस्ताव मागवले. नमुना आपल्याच पानशेतचा. 1848 साली भिडेवाड्यात सावित्रीबाईंसमोर बोटांवर मोजण्याइतक्याच मुली होत्या. नशीब, तेव्हा असा प्रस्ताव निघाला नव्हता.

तर बाळा, एक विनंती. तुझं नाव आणि जन्मतारीख कधी चुकली नाही. येत्या 30 सप्टेंबरला एका दिवसापुरता ये आणि भीमरायाच्या जागी पटावर उभा राहा. शिक्षक मिळाला की शिकेल तोच.

तुझा,
एक वर्गशिक्षक
(मुक्काम : आधार केंद्राची रांग)