बिनपाण्याची

मी पोटासाठी रेडिएटर डिझाइन करते. डेट्रॉइटच्या आसपास ज्या मराठी घरांच्या चुली मोटारींच्या सुट्या भागांवर पेटतात, त्यांतलं एक आमचं. अशा बाईच्या नवऱ्याला जुन्या गाडीची हौस फिटवायचीच होती, तर जगात गाड्या काय थोड्या होत्या? त्यानं आणली 1966 ची शेवरोले कॉर्व्हेअर कोर्सा. इंजिन मागे, डिकी पुढे आणि रेडिएटर कुठेच नाही. वर टर्बो.

"हवेवर थंड होते," तो कौतुकानं म्हणाला. 'तापतो लवकर, पण आपोआप थंड होतो,' असं सासूबाईंनी लग्न ठरवताना त्याच्याबद्दलही माझ्या आईला सांगितलं होतं. तो अनुभव गाठीशी असल्यामुळे मी गप्प बसले.

टर्बोचं काम तसं सरळ असतं. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम वायूनं एक चक्र फिरवायचं आणि त्याच्या जोरावर दुसऱ्या चक्रानं आत जास्तीची हवा कोंबायची. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त, आणि मग उष्णताही जास्त, जी कॉर्व्हेअरमध्ये फक्त वाऱ्यानं घालवायची. इंजिनाच्या डोक्यावर आडवा पंखा आणि त्याला फिरवणारा पट्टा उभ्या पुलीवरून निघून वाटेत दोनदा काटकोनात वळतो. तो पट्टा पाहून मला माझ्या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांची आठवण येते. आकृती अशी काढली असती तर त्यांनी पान फाडलं असतं. जनरल मोटर्सनं 1962 मध्ये टर्बोच्या दोन गाड्या आणल्या, एक कॉर्व्हेअर आणि दुसरी ओल्ड्समोबील जेटफायर. जेटफायरमध्ये रेडिएटर होता, शिवाय इंजिनात खडखड होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण आत फवारायची सोय होती. त्या मिश्रणाचं नाव होतं 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. कॉर्व्हेअरला यातलं काही नाही. जास्तीचा दाब सोडून द्यायची झडपसुद्धा नाही. बाहेर जाणारा वायू सायलेन्सरमध्ये अडतो, तेवढाच टर्बोला लगाम. हौसेनं मोकळा सायलेन्सर बसवला की तो लगामही सैल.

तर ही गाडी तापू लागली. हायवेच्या रॅम्पवर पाय दाबला की सिलिंडरहेडच्या तापमानाचा काटा उजवीकडे झुकायचा आणि मागून टकटक ऐकू यायची. ठिणगीनं पेटलेली ज्योत पोचायची वाट न पाहता उरलेलं पेट्रोल स्वतःच्या मर्जीनं पेटतं, त्याचा तो आवाज. हीटर लावला की आत खमंग वास. या गाडीत इंजिनावरून आलेली गरम हवाच माणसांना ऊब द्यायला आत घेतात, त्यामुळे मागे जे शिजेल त्याचा वास पुढे. दिवाळी तोंडावर होती आणि पुढच्या डिकीत मंडळात द्यायचे फराळाचे डबे. नवऱ्यानं निदान केलं, "तुझा चिवडा."

मग तज्ज्ञ जमले. मंडळाच्या खजिनदारांनी महागातलं पेट्रोल भरायला लावलं. हिशेबाच्या माणसाला प्रश्न खर्चानंच सुटेल असं वाटावं, याची मला गंमत वाटली. एक जण टायमिंगवर अडून बसला. दुसऱ्यानं डिस्ट्रिब्यूटरवरच्या पडद्यावर बोट ठेवलं. टर्बोचा दाब वाढला की हा पडदा ठिणगी मागे सरकवतो. तो फाटला तर इंजिन टकटक करणारच. सर्वांत शहाणपणाचा संशय हाच होता, पण पडदा धडधाकट निघाला. शेजारचे अमेरिकन आजोबा पाखरांना दाणे घालून झाले की कुंपणाशी यायचे आणि तेच एक वाक्य म्हणायचे, "कार्ब्युरेटर." ते उमेदीत मोटार कारखान्यात होते, शिवाय या गाड्या जिथे बनल्या ते विलो रन इथून जवळच. त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. नवऱ्यानं कार्ब्युरेटर उतरवला, धुतला, चढवला, पुन्हा उतरवला.

मी प्लग काढून ओळीनं मांडले. चारांचा रंग छान तपकिरी, एका बाजूचे दोन मात्र पांढरेफटक, म्हणजे तिथे जाळ जास्त. आता या गाडीत कार्ब्युरेटर एकच. तो टर्बोच्या आधी बसतो आणि सहाही सिलिंडरांना त्याच्याच हातचं मिळतं. टायमिंगही सगळ्यांना एकच. एका पातेल्यातलं वरण सहा जणांनी खाल्लं आणि दोघांचंच पोट बिघडलं तर दोष वरणाला कसा द्यायचा? हे मी रीतसर मांडलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि कार्ब्युरेटर पुन्हा उतरला.

मामंजी आणि सासूबाई तेव्हा सांगलीहून आले होते. मामंजींची उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली, त्यामुळे टर्बो त्यांना नवा नव्हता. पण एवढ्या लोकांनी एवढं बोलून कुणाच्याच हाताला ग्रीस नाही, हे नवं होतं. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिनावर ठिकठिकाणी टोक टेकवलं. मग मला म्हणाले, "सूनबाई, तुमचं बरोबर आहे. आतली हवा सगळ्यांनी बघितली, बाहेरची कुणी बघितली? वरचा पत्रा काढा."

"बाबा, पत्रा काढायचा म्हणजे पंखा, पट्टा, टर्बो, सगळं आलं," नवरा कळवळला.

"अरे, आपल्या चेतकच्या काउलमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, विसरलास? गाडी तापायची आणि तू तीन मेकॅनिक बदलले होतेस."

पत्रा निघाला. ज्या दोन सिलिंडरांचे प्लग पांढरे होते, नेमकं त्यांनाच थंड ठेवणाऱ्या पात्यांवर एक सुबक घरटं होतं. सीटमधला कापूस, वाळकं गवत, आमच्या विम्याच्या कागदाचा तुकडा आणि कडेला धान्याचं कोठार. पंख्याचा वारा तिथे पोचतच नव्हता. उंदीर घरी नव्हता. सासूबाईंनी मात्र गणपतीच्या वाहनाला दिवाळीत बेघर करू नये म्हणून घरटं बुटांच्या खोक्यात ठेवून अंगणात नेलं.

कोठारातल्या बिया खरपूस भाजलेल्या होत्या. चिवडा निर्दोष सुटला. नवऱ्यानं माफी मागितली, पण ती बहुधा कार्ब्युरेटरची असावी, कारण बोलताना तो तिकडेच बघत होता.

एवढ्यात आजोबा कुंपणाशी आले. एक बी चिमटीत धरून त्यांनी उजेडात फिरवून पाहिली, सोलली, चाखली. "सूर्यफूल," ते म्हणाले, "उत्तम प्रतीचं. मी पाखरांना हेच घालतो."

मामंजींनी मला विचारलं, "काय म्हणतायत?"

"कार्ब्युरेटर नव्हता म्हणतायत," मी सांगितलं.