रोहित पक्षी समोर ठेवून चित्र काढण्याची शास्त्रोक्त पद्धत

शिवडीच्या जेट्टीवर बसून प्रत्यक्ष पाहून चित्र काढायचं असेल, तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढावं. राशिभविष्यासाठी नव्हे, तिथीसाठी. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास ढोबळमानानं निघतो, हे किनाऱ्यावरचं जुनं गणित. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे दुपारी बाराला ठार ओहोटी. तेव्हा गेलात तर रोहित लांब चिखलात गुलाबी टिंबं होऊन उभे असतात, आणि टिंबं काय, घरबसल्याही काढता येतात. पाणी चढू लागलं की तेच पक्षी किनाऱ्याकडे सरकतात. मॉडेल आपणहून जवळ येतं, तेही फुकट.

सुरुवात एचबी पेन्सिलीनं करावी. इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड मिळवलेल्यांनी विशेष जपावं. त्यांच्या हातात एक पक्षी आधीच तयार असतो आणि तो समोरच्या पक्ष्यासारखा कधीच नसतो. त्याची परीक्षा पायाशी होते. रोहितच्या पायाचा तो उलटा वाकणारा सांधा गुडघा नव्हे, घोटा. गुडघा वर पिसांत दडलेला. हे पटेपर्यंत कागदाकडे अजिबात न बघता, नजरेच्या वेगानं पेन्सिल फिरवत राहावं. चित्र कुणाला दाखवण्याच्या लायकीचं राहत नाही, पण पाय मात्र जिथे मोडायला हवा तिथेच मोडतो.

चिखलासाठी कोळसा. कांडी आडवी धरून एकदा ओढली की अर्धी खाडी होते. उरलेली पूड वारा शेजारच्या पक्षीनिरीक्षकाच्या दुर्बिणीवर नेऊन टाकतो; तेव्हा आपण क्षितिजाकडे बघत राहावं.

जलरंगाच्या पेटीतली गुलाबी ट्यूब घरी ठेवून यावी. लांबून गुलाबी दिसणारा थवा नीट पाहिला तर बराचसा पांढरा निघतो, आणि वयात न आलेले पक्षी तर चक्क राखाडी. खरा गुलाबी पंख उघडल्यावर दिसतो, आणि तो मिसळेपर्यंत पक्षी उडालेला असतो.

बॉलपेन शेवटी, कारण त्याला खोडरबर नाही. त्यानं अटल सेतू काढावा: 2024 च्या जानेवारीत सुरू झालेला, 21.8 किलोमीटरचा. पट्टी वापरण्यास सक्त मनाई.

मागे प्रेक्षक जमतातच. "काका, बदक का?" याला "हो" म्हणावं. "रोहित" म्हटलंत तर कुठला रोहित, हे समजावण्यात भरती निघून जाते.

पावसाळ्यात पक्षी निघून जातात. मग जवळचाच शिवडीचा किल्ला घ्यावा. 1680 पासून जागचा हललेला नाही. नवशिक्यानं खरं तर तिथूनच सुरुवात करावी.

स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडा आणि पाण्याच्या दोन बाटल्या न्या. ब्रश धुवायची आणि प्यायची एकच ठेवू नका.